एक डिस्क गैरहजर

४ फेब्रुवारी

कॉम्प्युटर टकटक करायला लागला आहे. आधी पंख्यावर संशय घेतला. पंखा बोटाने थांबवून पाहिला (तसं करायचं नसतं, हे बोटाला कळलं), तरी टकटक चालूच. मग डब्याचं झाकण काढलं, लाकडी पट्टीचं एक टोक आतल्या डिस्कला टेकवलं आणि दुसरं कानाला लावलं. कवळ्या घासायच्या मोटरचं बेअरिंग गेलंय का, हे मी असंच ऐकतो. आवाज डिस्कचाच आहे. एखाद्याने आतून दार ठोठावावं तसा.

तेवढ्यात दाजी कामावरून आले. पट्टी कानाला लावून मी जमिनीवर आडवा. म्हणाले, "संशोधक, ते आपोआप मरतंय की तू मारतोयस?"

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करतात. ताईच्या आजारपणात मी मदतीला म्हणून इथे आलो, पुढच्या खोलीत कवळ्यांचं काम मांडलं. ताई गेली, काम तिथेच राहिलं आणि मीही. त्यालाही आता तीन वर्षं झाली. हा रंगीत दिव्यांचा गेमिंग कॉम्प्युटर दाजींनी तिच्यासाठी आणला होता, तिचं अंथरूण सुटेना तेव्हा. उशीला टेकून तिने त्यातल्या एका गेममध्ये बंदर वसवायला घेतलं. धक्का, बाजार, घरं, होड्या. आणि समुद्रापासून लांब, एका टेकडीवर, दीपगृह. मी म्हटलं होतं, "अगं, तिथून कुठल्या जहाजाला दिसणार?" तर म्हणाली, "मला दिसतं ना."

रोज संध्याकाळी आम्ही दोघं ते बंदर पुढे चालवतो. दाजी कीबोर्डावर, मी शेजारी खुर्ची घेऊन अक्कल शिकवायला. दीपगृहाला कोणी हात लावायचा नाही, हे न बोलता ठरलेलं आहे. आणि ते सगळं या टकटकणाऱ्या डिस्कवर आहे. मला आज जेवण गेलं नाही.

६ फेब्रुवारी

कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदाराला आम्ही मिशीवाले म्हणतो. डिस्क त्यांनी कानाशी धरली आणि मान हलवली, म्हणजे माझी पट्टी काही चुकली नव्हती.

मी म्हटलं, बंदराचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन टाकू. त्यांनी घेतलं, त्यांच्या मशीनवर उघडलं, तर नुसते रस्ते आले. एकही घर नाही! ताईने या गेममध्ये कुठून कुठून काय काय भर घातली होती देव जाणे, ते सगळं डिस्कभर विखुरलंय. मिशीवाले म्हणाले, "हे सुटं निघायचं नाही. अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवावी लागेल. आणि उतरवायचीच तर दोन नव्या डिस्क घ्या, रेड करून देतो."

रेड म्हणजे काय, यावर मी त्यांचा इतका वेळ खाल्ला की मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं निघून गेली. मला समजलं ते असं. पहिला प्रकार पट्ट्यांचा. सगळा मजकूर कापून थोडा या डिस्कवर, थोडा त्या डिस्कवर. दोघी एकदम वाचतात, त्यामुळे गेम झटकन उघडतो. पण एक गेली की दुसरीवरचं अर्धवट कुणालाच वाचता येत नाही. म्हणजे वरची कवळी एकाच्या तोंडात आणि खालची दुसऱ्याच्या. दोघंही उपाशी! दुसरा प्रकार आरशाचा. दोन्हींवर सगळं सारखं. एकाच साच्यातून काढलेल्या दोन पूर्ण कवळ्या. एक हरवली तर दुसरी घालून जेवायला बसा. तिसऱ्या प्रकाराला तीन डिस्क लागतात. त्यात प्रत्येक डिस्क थोडं थोडं दुसऱ्यांचं सांभाळते, कुठलीही एक गेली तरी उरलेल्या दोघी मिळून तिचं सगळं परत उभं करतात.

हे नेमकं करतात कसं, ते अजून डोक्यात शिरलेलं नाही. कागदावर बेरजा-वजाबाक्या करून बघतो आहे. मजा आहे.

७ फेब्रुवारी

जेवताना दाजींना तिन्ही प्रकार समजावले. ताट, वाटी आणि पाण्याचा तांब्या घेऊन. त्यांना इतका रस वाटेल असं वाटलं नव्हतं. आरशाची पद्धत ऐकून म्हणाले, "हे आमच्या लिफ्टसारखं झालं. लिफ्ट एका दोरावर नसते रे. चार-पाच असतात, आणि एकेकटा सगळा भार पेलेल असा असतो."

मग तिसऱ्या प्रकाराबद्दल विचारलं, "तीन असले तर जास्त भक्कम?"

"भक्कम, पण आपल्या डब्यात जागा दोनचीच आहे."

"जागा करता येते," दाजी म्हणाले आणि तांब्या उगाच ताटाजवळ सरकवला.

मी डबा मोजला. जागा नाही. पत्रा कापावा लागेल.

जेवण झाल्यावर ते वाचनालयात गेले. तिथली लिफ्ट परत अडकली म्हणे. महिन्याभरात किती वेळा झालं! इमारत तीन मजली, वर जाणारं येऊन-जाऊन कोण, तर पुस्तकं. मी सांगितलं की मोटरच बदलून टाकायला सांगा एकदाची. दाजी म्हणाले, "बघू. ग्रंथपाल बाई म्हणतात, घाई नाही."

इस्त्रीचा शर्ट घालून गेले. ग्रीसचं काम, आणि इस्त्रीचा शर्ट!

१२ फेब्रुवारी

आरसा बसवला! मिशीवाल्यांनी जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या दोन्हींवर उतरवून दिलं. जुनी डिस्क कपाटात, कवळीच्या रिकाम्या डबीत ठेवली आहे. ती तिच्यात अगदी मापात बसते.

बंदर उघडलं. टेकडीवर दिवा फिरतोय. दाजींनी डबा हाताने थोपटला आणि विचारलं, "यातली एक काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर बंदर तिथे पण चालेल?"

"तिथे पण आणि इथे पण. पूर्णच्या पूर्ण."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे. पण काढायची कशाला?"

"नाही, माहिती असावी," म्हणाले. दाजींनाही आता माझ्यासारखा नाद लागला की काय! बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

फजिती. दाजींचं लक्ष हल्ली ठिकाणावर नसतं. आज त्यांनी गोदाम पाडायच्या ऐवजी अख्खा बाजार पाडला, आणि वर ते सेव्ह करून मोकळे झाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी मात्र खुशीत. म्हटलं, थांबा, आरसा कशासाठी आहे? मोठ्या ऐटीत एक डिस्क सोडवली आणि नुसत्या दुसरीवर मशीन सुरू केलं.

तिच्यावरही बाजार नाही.

मिशीवाल्यांना फोन केला. ते इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाले, "अहो, आरशासमोर मिशी कापलीत तर आरशातली राहील का?" डिस्क मेली तर आरसा वाचवतो, माणूस चुकला तर नाही. मला हे आधीच सुचायला हवं होतं. तोंडाचं माप चुकीचं घेतलं तर त्या साच्यातल्या दोन्ही कवळ्या टोचणारच.

मग डबीतल्या जुन्या डिस्कवरून बाजार परत आणला. ती टकटक करत होती, पण दिला तिने.

१८ फेब्रुवारी

तीन दिवस विचार केला. आरसा चुका वाचवत नाही. चुकांसाठी जुनी डिस्क कपाटात आहेच. मग दोन नव्या डिस्कांना एकच गोष्ट घोकायला कशाला लावायचं? पट्ट्यांची पद्धत घेऊ. गेम निम्म्या वेळात उघडेल, जहाजं अडखळणार नाहीत. दुपारी मिशीवाल्यांकडून तसं करून आणलंदेखील. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण केलं.

काय वेग आहे! बटण दाबलं की टेकडीसकट बंदर हजर. दाजींना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "आता यातली एक काढली तर?"

"काढायचीच नाही. आता दोघी मिळून एक आहेत."

"पण समज, काढावी लागली."

"तर दोन्हीकडे भंगार. इकडे पण काही नाही, तिकडे पण काही नाही." मी जरा रंगातच होतो, टेबलावर हात आपटून म्हणालो, "आता कोणी कुठे जायचं नाही, दाजी. इथेच राहायचं, एकत्र."

दाजी बराच वेळ बंदराकडे बघत बसले. मग म्हणाले, "बरं. तू म्हणशील तसं." आज ते खेळले नाहीत. दमले असावेत.

२६ फेब्रुवारी

आठवडाभर लिहिलं नाही. एका पुढाऱ्याच्या कवळीचं काम होतं. दात पांढरे हवेत पण खोटे वाटता कामा नयेत, आणि पुढच्या दोनात किंचित फट हवी. लोकांना ती फट ओळखीची आहे म्हणे!

वाचनालयाची लिफ्ट अखेर सुधारली असावी. दाजी आठवडाभर तिकडे फिरकले नाहीत. कामावरून सरळ घरी येतात, कीबोर्डावर बसतात आणि मी सांगेन ते करतात. मी म्हटलं धक्का वाढवू, वाढवला. मी म्हटलं नको, पाडून टाका, पाडला. वाद घालत नाहीत. वादाशिवाय बंदर चालवायला मजा येत नाही, हे मला आत्ताच कळतंय.

आज जुनी डिस्क लावून पाहिली. आवाज थांबला आहे, सगळाच. मेली. म्हणजे आता बंदर आहे ते फक्त या दोघींवर, अर्धं अर्धं. दाजींना सांगितलं तर "हं" म्हणाले.

त्यांना बरं नाही का? नाडी पाहिली. ठीक आहे.

२ मार्च

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

तिसऱ्या प्रकारात गेलेली डिस्क उरलेल्या दोघी कशी उभी करतात, ते कागदावर काही केल्या जमेना, म्हणून पुस्तक मिळतं का बघायला वाचनालयात गेलो. तांत्रिक विभाग तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टने गेलो, मुद्दाम कान देऊन. लोण्यासारखी चालते. वर ग्रंथपाल बाई खोक्यांत पुस्तकं भरत होत्या. साठीच्या आत-बाहेर, केस आखूड, चष्मा दोरीला. मी म्हटलं, "लिफ्ट छान झाली हो. इतके दिवस फारच त्रास दिला तिने तुम्हाला."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "लिफ्ट एकदाच बिघडली होती. फुटकं नशीब आमचं, त्यानंतर बिघडायलाच तयार नाही." आणि मग, "तुम्ही संशोधक ना?"

हे नाव घराबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही.

त्यांना सगळं माहीत होतं. बंदर, बाजार पाडल्याचं, कवळीच्या डबीतली डिस्क. त्यांची दुसऱ्या शहरातल्या वाचनालयात बदली झाली आहे, महिना संपायच्या आत जायचंय. दाजी बरोबर जाणार होते. तिकडे लग्न करणार होते. "होते" म्हणाल्या त्या.

मी विचारलं, "मग आता काय झालं?"

"त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही नाही म्हणालात."

"मला? मला कधी विचारलं?"

"एक काढता येईल का, असं. तुम्ही म्हणालात, काढली तर दोन्हीकडे भंगार, कोणी कुठे जायचं नाही." चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला दोष देत नाही हो. बंदर त्यांच्या बायकोचं आहे, आणि तुम्ही तिचे भाऊ. ते म्हणाले, ही दोन्ही सोडून येणं जमणार नाही. मी काय बोलणार?"

मी जिन्याने खाली आलो. लिफ्टचं दार उघडंच होतं, पण आत जावंसं वाटलं नाही. पुस्तक घ्यायचं राहिलं.

३ मार्च

काल दाजींशी बोललो नाही. मला राग आला होता. खरं लिहायचं तर आधी भीती वाटली. हे घर, दोन खोल्या, आणि मी एकटा, कवळ्या घेऊन. ताईची जागा दुसरं कोणी घेणार, हेही टोचलं. ते टोचणं खोटं नाही, म्हणून लिहून ठेवतो. पण सगळ्यात जास्त राग याचा आला, की तीन वर्षं एका ताटासमोर बसतो आणि हा माणूस मला डिस्कबद्दल विचारतो!

आज चहा ठेवला आणि म्हटलं, "तुम्ही मला डिस्कचं विचारलंत, मी डिस्कचं सांगितलं. तुमचं विचारलं असतंत तर तुमचं सांगितलं असतं."

दाजींनी कप खाली ठेवला. "वाचनालयात गेला होतास?"

"गेलो होतो. लिफ्ट उत्तम आहे."

त्यावर ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "मला वाटलं, तुला कळलंय आणि तू आडून सांगतोयस."

"मला काही कळलं की मी लगेच दहा प्रश्न विचारतो. तुम्हाला माहीत नाही?"

"सगळं विचारतोस," दाजी म्हणाले. "हे एक तेवढं विचारलं नाहीस. इस्त्रीचा शर्ट घालून ग्रीसचं काम करायला जातो मी, तरी नाही."

"मी ते लिहून ठेवलं होतं," मी म्हटलं.

चहा गार झाला. मग मी विचारलं, बाईंना बंदर आवडतं का? तर म्हणाले, त्यांनी ते पाहिलेलं नाही, पण दीपगृहाचं ऐकल्यावर एकदम म्हणाल्या होत्या, "बरोबर आहे तिचं." माझा राग तिथे निम्मा उतरला. उरलेला अजून आहे.

९ मार्च

मिशीवाल्यांना म्हटलं, पट्टे मोडायचे, परत आरसा करायचा. ते म्हणाले, "संशोधक, तुम्ही ठरवा तरी एकदा!" (हे नाव आता बाजारात गेलं आहे.) काम जोखमीचं. आधी दोघींवरचं अर्धं अर्धं गोळा करून तिसऱ्या उसन्या डिस्कवर उतरवायचं, मग या दोन्ही कोऱ्या करायच्या, आरसा बांधायचा, आणि तिसरीवरून परत भरायचं. दोन्ही कोऱ्या असतील तेवढा वेळ बंदर फक्त उसन्या डिस्कवर. मधेच काही झालं, तर संपलं.

दाजी आणि मी दुकानातल्या बाकावर बसून होतो. किती भरलं ते दाखवणारी पडद्यावरची रेघ इतकी सावकाश सरकत होती की दाजी म्हणाले, "माणूस जिन्याने लवकर पोहोचेल." अर्ध्यावर वीज गेली. दाजींनी माझा दंड धरला. मिशीवाल्यांच्या बॅटरीने तोलून धरलं, पण दाजींनी हात काढला नाही. वीज आली तरी काढला नाही.

बंदर परत आलं. आधी बाजार पाहिला, मग टेकडी. दिवा फिरत होता.

२१ मार्च

तिकडच्यासाठी मिशीवाल्यांनी दुसरा कॉम्प्युटर जुळवला, आतला बोर्ड आमच्यासारखाच, म्हणजे डिस्क कुरकुर करणार नाही. आमच्या डब्यातली एक मी माझ्या हाताने काढली. स्क्रू तेवढे दाजींनी सोडवले, कारण माझ्याकडून स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला आणि ते मला मान्य नव्हतं. डिस्क मऊ फडक्यात गुंडाळून कवळीच्या डबीत ठेवली. मापात बसली.

मिशीवाल्यांनी एक बजावून सांगितलं आहे. आता या दोन्ही परत कधी एका डब्यात घालायच्या नाहीत. मशीन एकीला खरी मानेल आणि दुसरीवर तिचंच सगळं उतरवेल. आजपर्यंतचं दोन्हींवर सारखं, उद्यापासून दोघींचं वेगळं. दाजींना हे सांगितलं तेव्हा डबी हातात घेऊन ते म्हणाले, "म्हणजे ती दोन्हीकडे आहे."

"पूर्णच्या पूर्ण," मी म्हटलं.

सकाळच्या गाडीने गेले. जाताना शर्ट इस्त्रीचाच होता. बाईंना काय म्हणायचं ते अजून ठरत नाही. ताई म्हणणं तोंडातून येणार नाही. तूर्त बाईच.

१४ एप्रिल

मशीन चालू केलं की आधी काळ्या पडद्यावर लाल अक्षरं येतात. एक डिस्क गैरहजर आहे, काम चालू ठेवायचं का? मिशीवाले म्हणतात नवी डिस्क लावा, आरसा आपोआप भरेल, शिवाय एकटीवर किती दिवस भरवसा ठेवणार. बरोबर आहे त्यांचं. लावणार आहे. अजून लावलेली नाही.

आज दाजींचा फोन आला. पाण्याची, जागेची, तिथल्या लिफ्टांची चौकशी झाली. मग म्हणाले, "अरे, तुझ्याकडे सुरू करताना लाल अक्षरं येतात का?"

"येतात. एक डिस्क गैरहजर."

"माझ्याकडे पण तेच येतं."

मला हे सुचलंच नव्हतं. माझ्या मशीनला त्यांची सापडत नाही आणि त्यांच्या मशीनला माझी.

"मग तुम्ही काय दाबता?" मी विचारलं.

"हो दाबतो. दुसरं काय दाबणार?"

मग त्यांनी घसा साफ केला. म्हणाले, "एक सांगायचंय. रागावू नकोस. दीपगृहाला हात लावलेला नाही, आहे तिथेच आहे. पण हिने कालवा खणलाय. समुद्रापासून थेट टेकडीच्या पायथ्यापर्यंत. काल पहिलं जहाज आलं. दिवा बघून वळलं रे."

तीन वर्षं आम्ही दोघं शहाणे त्या दिव्याकडे बघत बसलो, आणि समुद्र तिकडे न्यावा हे एकालाही सुचलं नाही.

फोन ठेवला. मशीन लावलं. लाल अक्षरं आली, हो दाबलं. टेकडीपासून समुद्रापर्यंत पट्टीने मोजून पाहिलं. मधे बाजार येतो, तो हलवावा लागेल. आणि टेकडीकडची जमीन चढती आहे, मग पाणी वर चढलं कसं? बाईंना उद्या फोन करून विचारतो.